रंग किती पातळ, कागद केवढा?

आर्ट थेरपीबद्दल जे काही छापून येतं त्यात एक वाक्य हमखास असतं: चित्र काढलं की मन हलकं होतं. कधी होतं. कधी काहीच होत नाही. आणि कधी आतलं इतकं वर येतं की ते आवरायला शेजारी जाणतं कुणी नसेल तर माणूस आला त्याहून वाईट अवस्थेत घरी जातो. हा फरक कशामुळे पडतो याचं उत्तर बऱ्याच अंशी टेबलावर ठेवलेल्या वस्तूंमध्ये असतं. कागद केवढा दिला, रंग किती पातळ केला, किती रंग समोर मांडले, शेवटची दहा मिनिटं कशात गेली. औषधाची मात्रा ठरवावी लागते तशीच इथे माध्यमाची मात्रा ठरवावी लागते. ती चुकली तर थेरपिस्ट कितीही प्रेमळ असला तरी सत्र फसतं. समुपदेशक, शिक्षक, वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात उपक्रम घेणारे कार्यकर्ते आणि स्वतःसाठी मदत शोधणारे वाचक, या सगळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ही मात्रा इथे जरा तपशिलात लिहिते आहे.

या उपचाराला नाव मिळालं ते क्षयरोगाच्या रुग्णालयात. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयाने आजारी पडून सॅनेटोरियममध्ये होता. पडल्या पडल्या तो चित्रं काढू लागला, पुढे इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढलं, आणि १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरला. त्याच सुमारास अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग मनोविश्लेषणाच्या अंगाने असंच काम करत होत्या. म्हणजे सुरुवातीपासून या क्षेत्रात दोन धारा आहेत: एक म्हणते, निर्मिती हाच उपचार; दुसरी म्हणते, चित्र हे संवादाचं साधन. प्रत्यक्ष काम करताना दोन्ही लागतात.

घट्ट आणि सैल माध्यमं

१९७८ मध्ये सँड्रा केगिन आणि व्हिया लुसेब्रिंक या दोघींनी मांडलेली एक चौकट आज जगभरच्या प्रशिक्षणांत शिकवली जाते. तिच्यातला व्यवहारात सगळ्यात जास्त कामी येणारा भाग असा: प्रत्येक माध्यम हाताला किती विरोध करतं ते बघा. पेन्सिल दाबली तरच उमटते, थांबवली की थांबते, खोडता येते. ओल्या कागदावर टाकलेला जलरंग हात उचलल्यावरही पसरत राहतो. पहिल्या माध्यमात ताबा माणसाकडे राहतो, दुसऱ्यात तो निसटतो. ताबा निसटला की भावना वर यायला वाट मिळते. ताबा असला की विचार, आखणी आणि सुरक्षितपणा यांना जागा मिळते.

घट्टाकडून सैलाकडे जायचं तर क्रम साधारण असा लागतो: पेन्सिल, रंगीत पेन्सिल, स्केचपेन, मासिकांची चित्रं कापून केलेलं कोलाज, तैलखडू, घट्ट मळलेली माती, ब्रशने पोस्टर कलर, ओल्या कागदावर जलरंग, आणि शेवटी बोटांनी थेट रंग किंवा पाणी घालून सैल केलेली माती. याशिवाय आणखी एक गोष्ट मोजायची: हात आणि रंग यांच्या मध्ये काही हत्यार आहे का? ब्रश, चमचा, कोरणी यांमुळे थोडं अंतर राहतं. बोटं थेट रंगात गेली की ते अंतर संपतं.

पहिल्या दोन सत्रांत तैलखडूच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. कार्यशाळा रंगीबेरंगी दिसावी, फोटो छान यावेत म्हणून आयोजक पहिल्याच दिवशी बोटांचे रंग आणतात. पण समोरचा माणूस कसा आहे, गेल्या वर्षी त्याच्या आयुष्यात काय झालं, त्याला झोप लागते की नाही, यातलं काहीच माहीत नसताना सर्वांत सैल माध्यम हातात देणं म्हणजे तब्येत न बघता औषधाची पूर्ण मात्रा देणं.

कागदाचंही तसंच. दुकानात मिळणारी फुल इम्पीरियल शीट २२ × ३० इंचांची असते. तिचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचा कागद मिळतो आणि बहुतेकांना हा आकार झेपतो. नैराश्यात असलेल्या माणसासमोर अख्खी शीट ठेवली तर तो कोपऱ्यात अंगठ्याएवढं काहीतरी काढून बसून राहतो, आणि उरलेला पांढरा कागद त्याला स्वतःच्या अपुरेपणाचा पुरावा वाटतो. अशा वेळी चौथाईचाही अर्धा करावा आणि त्यावर ताटली ठेवून पेन्सिलीने वर्तुळ आखून द्यावं. काम वर्तुळाच्या आत. कडा मिळाली की हात चालू लागतो.

कागदाची जाडी १५० ते २०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असावी. हा मुद्दा पैशांवरून नेहमी मागे पडतो, म्हणून जरा थांबून सांगते. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो. त्यावर पोस्टर कलरचा दुसरा हात दिला की कागद फुगतो, पृष्ठभागाची लव निघून तिच्या गोळ्या होतात, तिसऱ्या हाताला भोक पडतं. चूक कागदाची असते. पण ज्याला आधीच वाटत असतं की माझ्या हातून काही धड होत नाही, तो ही चूक स्वतःच्या नावावर टाकतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. स्वस्त खडूंचंही तेच: मेण जास्त, रंग कमी, कितीही घासलं तरी फिकट. रंगांची संख्या कमी ठेवा, पण जे द्याल ते नीट उमटणारं द्या. आठ जणांच्या गटाला बारा रंगांचे तैलखडू प्रत्येकी एक पेटी, आणि काळा, पांढरा, लाल हे सुटे जास्तीचे, कारण हेच आधी संपतात.

चिखल

पोस्टर कलर वापरताना सगळ्यांत जास्त वेळा घडणारी फजिती म्हणजे चित्राचा तपकिरी चिखल होणं. हे कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. माणूस लाल रंग लावतो. तो ओला असतानाच शेजारी हिरवा लावतो. दोघांची कड मिसळते, तिथे मळकट पट्टा येतो. तो झाकायला तो निळा घेतो, पण ब्रश नीट धुतलेला नसतो, वाटीतलं पाणी एव्हाना गढूळ झालेलं असतं. पाच मिनिटांत सगळा कागद एकाच रंगाचा होतो. कधी हा चिखल मुद्दाम केलेला असतो, त्यात सुटका असते, आणि तो करू द्यावा. पण बहुतेक वेळा तो नको असताना झालेला असतो, आणि मग चेहरा पडतो.

टाळायचं कसं? समोरासमोरचे रंग (लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा) एकाच वेळी देऊ नयेत. सुरुवातीला पिवळा, नारिंगी, लाल आणि पांढरा, किंवा पिवळा, हिरवा, निळा आणि पांढरा असे चारच रंग द्यावेत. हे एकमेकांत कसेही मिसळले तरी मळत नाहीत. प्रत्येकाला पाण्याच्या दोन वाट्या, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, शिवाय जुन्या सुती कापडाचा तुकडा. रंग बाटलीतून डबीच्या झाकणात दोन चमचे काढून त्यात पाणी अर्ध्या चमच्याहून जास्त नको. एक आडवी रेघ ओढून कागद उभा धरावा. ओघळ आला तर अजून रंग घालावा. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने टेबलाला चिकटवाव्यात. कागद सरकत नाही, फुगत नाही, आणि टेप काढल्यावर पांढरी चौकट उरते. त्या चौकटीमुळे साधं कामही नेटकं, पूर्ण झालेलं दिसतं.

ही सगळी खटपट कुणी करायची? थेरपिस्टने. आर्ट थेरपिस्ट एडिथ क्रेमर यांनी याला ‘तिसरा हात’ म्हटलं आहे. काम करणाऱ्याचे दोन हात त्याचे. तिसरा हात थेरपिस्टचा, जो रंग घट्ट करून देतो, पडू पाहणाऱ्या मातीच्या मूर्तीला आतून काडी लावून देतो, पाणी बदलतो, पण चित्रात स्वतःचं काही घुसवत नाही. क्रेमर मूळच्या व्हिएन्नाच्या. त्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीच्या विद्यार्थिनी, आणि प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांबरोबर दोघींनी काम केलं. १९३८ मध्ये क्रेमर अमेरिकेला गेल्या. फ्रीडलना १९४२ मध्ये नाझींनी तेरेझीनच्या छावणीत नेलं. तिथे त्यांनी मुलांना चित्रं काढायला बसवलं, मिळेल त्या कागदावर, टाकाऊ फॉर्मांच्या मागच्या बाजूंवर. १९४४ मध्ये औशविट्झमध्ये त्यांची हत्या झाली. मुलांची सुमारे ४५०० चित्रं दोन सुटकेसांमध्ये मागे राहिली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रांवर मुलांची नावं घातलेली असत, आणि ही बाब मला फार मोलाची वाटते: जिथे माणसांना क्रमांकाने मोजलं जात होतं तिथे मूल आपल्या कामावर नाव लिहीत होतं. आजच्या सत्रातही ‘हे काम कुणाचं’ याला तितकंच महत्त्व आहे. परवानगीशिवाय कुणाच्या चित्राला हात लावायचा नाही, त्यावर रेघ मारायची नाही, ‘इथे जरा गडद करा’ असंही म्हणायचं नाही.

माती

महाराष्ट्रात शाडू सहज मिळते, गणपतीच्या दिवसांत तर कुठेही. तिचा पोत मऊ, हाताला गार, आणि बहुतेकांच्या ओळखीचा. माणशी अर्धा ते एक किलो पुरते. मळताना पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट ठेवावी. बोटाला चिकटू लागली तर पाणी जास्त झालं. पाण्याची वाटी प्रत्येकाच्या समोर ठेवू नये. ठेवली की लोक नकळत पाणी घालत जातात, माती सैल होते, आकार धरत नाही, आणि जे माध्यम घट्ट म्हणून दिलं होतं ते सगळ्यात सैल होऊन बसतं. शोकात असलेल्या किंवा आघातातून गेलेल्या माणसाचे हात अशा लगद्यात बराच वेळ गोल फिरत राहिले, नजर एका जागी खिळली, श्वास उथळ झाला, तर तिथे थांबायला हवं. ‘पुसा’ किंवा ‘सोडा’ म्हणून नव्हे. शेजारी कोरडी माती ठेवून ‘ही थोडी मिसळून बघू या, उभी राहते का’ असं म्हणावं. माती घट्ट होत जाते तसा माणूसही खोलीत परत येतो. पाय जमिनीवर टेकलेत ना, खिडकीतून काय दिसतंय, हे हळू विचारावं.

शाडूची दुसरी अडचण तडे. वाळताना पाणी उडून माती आकसते. बारीक भाग आधी वाळतात, जाड भाग मागून, आणि दोघांच्या सांध्यावर ताण येऊन हात, कान, मान तुटते. कुणी आपल्या गेलेल्या आईची आकृती केली असेल आणि पुढच्या आठवड्यात तिचा हात तुटलेला दिसला, तर ती नुसती मातीची मोडतोड राहत नाही. म्हणून आधीच सांगावं की ही माती तडकते. आकृती जाड आणि शक्यतो एकसंध करावी, मळताना थोडा कापूस किंवा कागदाचा लगदा घालावा, आणि पंख्याखाली न वाळवता प्लास्टिकची पिशवी सैल घालून तीन-चार दिवस हळू वाळू द्यावी. पूर्ण वाळलेला तुकडा ओल्या मातीने जोडू नये, नवी माती पुन्हा आकसून निसटते. तिथे फेविकॉलच लागतो. जोडायचा की नाही, हे ज्याचं काम त्याने ठरवायचं.

सत्र संपल्यावर जमिनीवरची वाळलेली माती झाडूने झाडू नये. उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. ओल्या फडक्याने पुसावी.

नव्वद मिनिटं

प्रौढांच्या गटासाठी नव्वद मिनिटं पुरेशी, गट सहा ते आठ जणांचा, आणि शक्य असेल तर सत्र घेणारे दोन जण. एकाला कुणाबरोबर बाहेर जावं लागलं तर दुसरा गटापाशी राहतो. पहिली दहा मिनिटं येऊन बसण्याची, पुढची दहा हात सैल करण्याची, चाळीस कामाची, वीस बघण्या-बोलण्याची, शेवटची दहा आवरण्याची. यातली शेवटची दहा सगळ्यात आधी बळी जातात, कारण बोलणं रंगात आलेलं असतं. तसं करू नये. कामाची वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी आणि पुन्हा पाच मिनिटं आधी सांगावं. आवरणं हा सत्राचाच भाग आहे: चित्र स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवणं, झाकणं लावणं, हात धुणं. उघड्यावर आलेलं काही काळासाठी बंद करून ठेवायची ती रीत आहे. कात्र्या गोल टोकाच्या घ्याव्यात, वाटताना आणि परत घेताना मोजाव्यात. कटर गटात आणूच नये. स्वतःला इजा करून घेण्याचा इतिहास कुणाचा आहे हे दरवेळी आधी कळलेलं नसतं.

सुरुवातीची अडचण जवळपास प्रत्येक गटात तीच असते. कुणीतरी म्हणतं, “मला नाही हो चित्र येत. शाळेत सुटलं ते सुटलं.” यावर “येईल, येईल, सोपं असतं” असं सांगून उपयोग होत नाही. त्यापेक्षा: “मावशी, आज चित्र काढायचंच नाहीये. हे चार खडू कागदावर घासून बघा, आणि कुठला हाताला बरा वाटतो तेवढं सांगा.” काम चित्रापासून स्पर्शावर आलं की परीक्षेची भीती कमी होते. ठिपक्यांची रांगोळीही इथे फार कामाची. सात ते सात, मध्ये ठिपका की ओळीने ठिपके, हे आपल्याकडच्या अनेक बायकांच्या हातात असतं. कागदावर ठिपके काढून रेघा जोडायला लागल्या की दहा मिनिटांत श्वास संथ होतो. मात्र एक जपावं. नवरा गेल्यावर घरच्यांनी जिला सणावारापासून बाजूला केलं, तिच्यासाठी रांगोळी दुखरी जागा असू शकते. म्हणून तो एकच पर्याय ठेवू नये.

आखलेल्या नक्षीचा हा परिणाम प्रयोगातही दिसला आहे. २००५ मध्ये करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतीचा एक प्रसंग लिहायला लावून अस्वस्थ केलं आणि मग २० मिनिटं रंगवायला दिलं: काहींना मंडल (वर्तुळात आखलेली नक्षी), काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदावर तसं झालं नाही. मंडलात काही गूढ शक्ती आहे असा याचा अर्थ नाही, चौकड्यांनीही तेच काम केलं. मुद्दा आखणीचा. घाबरलेल्या माणसाला कोरा कागद देऊन ‘मनात येईल ते काढा’ म्हणणं चुकीचं का, ते यातून कळतं.

बघणं आणि बोलणं

चित्र पूर्ण झालं की दोन वाक्यं तोंडातून निसटतात, “किती छान!” आणि “हे काय आहे?” दोन्ही टाळावीत. कौतुक केलं की पुढच्या वेळी माणूस छान दिसेल असंच काढतो, आणि ज्याला कौतुक मिळालं नाही तो मनात हिशेब ठेवतो. ‘हे काय आहे’मध्ये ओळखू येत नाही अशी तक्रार ऐकू येते. त्याऐवजी: “याबद्दल काही सांगावंसं वाटतं का?” “सुरुवात कुठून झाली?” “आत्ता बघताना नजर कुठे थांबते?” “याला नाव द्यायचं तर?” आणि गप्प बसायचं असेल तर तेही चालेल, हे आधीच स्पष्ट करावं. गटातल्या इतरांना एकच नियम: ‘मला इथे असं दिसतं’ म्हणा, ‘तुमच्या मनात असं आहे’ म्हणू नका.

रंगांवरून निदान करणाऱ्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, झाडाला भोक म्हणजे बालपणीचा आघात. या याद्यांनी मुलांचं फार नुकसान होतं. शाळेतल्या चित्रात बाबांना हात नाहीत म्हणून पालकांना बोलावून घेतलं जातं. काळा वापरण्याची कारणं कितीतरी असतात: पेटीत तोच अख्खा उरला होता, तोच सगळ्यात ठळक उमटतो, शेजारच्याने तोच घेतला. एका चित्रावरून काहीही ठरवू नये. बघायचं ते अनेक आठवड्यांतला बदल: आकृती मोठी होतेय का, कागदाच्या मध्यावर येतेय का, खाडाखोड कमी झाली का, आणि मुख्य म्हणजे काढणारा स्वतः त्याबद्दल काय म्हणतो.

कुणाला काय नको

उन्मादाच्या अवस्थेत रंग आणि कागद दोन्ही भरपूर दिले की वेग आणखी चढतो. एकच माध्यम, दोन-तीन रंग, सुरुवात आणि शेवट स्पष्ट. भास किंवा संशय असलेल्या माणसाला डोळे मिटून कल्पना करायला लावू नये, आणि गिरगोट्यांमधून आकार शोधायचा खेळ तर नकोच, कारण जिथे नाही तिथे चेहरे दिसण्याचा त्रास त्याला आधीच आहे. समोर ठेवलेला तांब्या, पेरू, चप्पल यांचं चित्र, कोलाज, विणकामासारखी नक्षी हे बरं. डिमेन्शिया असलेल्या आजी-आजोबांना लहान मुलांची रंगवायची पुस्तकं देऊ नयेत, ते अपमानकारक आहे. जाड मुठीचा ब्रश (पातळ दांड्याला फडकं गुंडाळून रबरबँड लावला की झाला), गडद टेबलावर पांढरा कागद, एका वेळी एकच वस्तू समोर. रंग बिनविषारी असावेत आणि मणी, टाचण्या दूर, कारण वस्तू तोंडात जाऊ शकते. रंगाचं पाणी प्यायच्या पेल्यात कधीच ठेवू नये.

हा उपचार कुठवर पोचतो, हेही नीट सांगायला हवं. २०१६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५९ वयाच्या ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती आणि कोलाज यांत काम करायला दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाबरोबर वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांमध्ये ते उतरलं होतं, आणि पूर्वी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. पण ही निरोगी माणसं होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. उलट बाजूला २०१२ चा ब्रिटनमधला मॅटिस हा मोठा अभ्यास आहे: स्किझोफ्रेनिया असलेले ४१७ जण, काहींना वर्षभर आठवड्यातून एकदा गटात आर्ट थेरपी. दोन वर्षांनी त्यांच्या एकूण कामकाजात किंवा लक्षणांत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा फरक दिसला नाही. उपस्थितीही फार कमी होती. या निकालाने मला या कामापासून दूर नेलं नाही, पण सगळ्यांना एकच साचा देऊन गटात बसवण्यावरचा विश्वास मात्र कमी केला. आर्ट थेरपी औषधांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने चालते. तिच्या भरवशावर गोळ्या कुणीही, कधीही बंद करू नयेत.

घरी करायचं असेल तर

घरी करताना मात्रा कमी ठेवा. ए-फाइव्ह आकाराची जाड कागदाची वही, रंगीत पेन्सिली, घड्याळात २० मिनिटं. पानाला आधी चौकट आखा. आजचा दिवस रेघांनी, ठिपक्यांनी, चौकड्यांनी भरा. माणसं आणि प्रसंग काढायची गरज नाही. वेळ संपली की तारीख घालून वही मिटा, आणि झोपायच्या अगदी आधी करू नका. काढता काढता जुना प्रसंग डोळ्यांसमोर येऊन थांबेना, हात थरथरू लागला, तर पेन्सिल ठेवा, गार पाण्याने हात धुवा, कुणाशी तरी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर चित्रावर विसंबू नका: केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही आहे.

थेरपिस्ट शोधत असाल तर आणखी थोडं. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. आपल्याकडे तशी सोय अजून प्रत्यक्षात नीट रुळलेली नाही. दोन दिवसांची कार्यशाळा केलेली व्यक्तीही स्वतःला थेरपिस्ट म्हणवताना दिसते. म्हणून पहिल्या फोनवरच विचारा: प्रशिक्षण कुठे आणि किती महिन्यांचं झालं, त्यात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास काम केलं, अजूनही कुणाच्या देखरेखीखाली काम करता का, माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी माझ्या परवानगीने बोलाल का, माझी चित्रं कुठे ठेवाल, कोण बघेल, शेवटी त्यांचं काय होईल. चित्रांचे फोटो प्रसिद्ध करण्याची परवानगी उपचाराच्या फॉर्ममध्येच घुसडलेली असेल तर त्या ओळीवर काट मारा आणि मगच सही करा. नीट काम करणारी व्यक्ती याने नाराज होत नाही.